मोतीबाईच्या खोलीतली धुरी

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतेय, आणि इथल्या जुन्या वाचकांना माझी कॉमेंट एव्हाना पाठ झाली असेल. कुणाला जिन्यात पावलं ऐकू येवोत, कुणाला खिडकीत बाई दिसो — खाली माझं आपलं एकच वाक्य: ‘घरात कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर बसवून घ्या.’ त्या वायूने माणसाला भास होतात, डोकं जड होतं, हे खरंच आहे. पण खोटं कशाला बोलू, त्यात थोडी खोडीही असायची. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी बघते. पुरावा समोर असल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही, आणि भुताखेतांवर तर नाहीच नाही.

तेव्हा आज माझी खेचायची असेल तर खुशाल खेचा, तेवढा हक्क तुम्ही कमावलाय. फक्त एक आधीच सांगते — आमच्या घरात डिटेक्टर आहे, तो चालू आहे, आणि सगळ्यात आधी मी तोच तपासला.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. घर बावीस-तेवीस वर्षांचं. खाली एक गेस्टरूम आहे, मागच्या डेकला, म्हणजे लाकडी ओट्याला लागून. माझी मुलगी इरा झाली तेव्हा मी त्याच खोलीत बाळंतीण होते, आणि बाळंतपणाला सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इरा आता जवळच रॅलेला प्राण्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं शिक्षण घेतेय आणि बेवारस प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये व्हॉलंटियर आहे. मार्च संपता संपता एका रविवारी ती दारात उभी राहिली — बरोबर तपकिरी रंगाची, लांब कानांची, पोट जमिनीला टेकेल की काय अशी कुत्री.

“ममा, इट्स जस्ट अ फ्यू वीक्स. शी हॅज नोबडी.”

“माझं एप्रिलमध्ये ऑडिट आहे, इरा.”

“शी डझन्ट केअर अबाउट युअर ऑडिट, ममा.”

माझा नवरा मिलिंद कुत्र्यांना घाबरतो. सोफ्यावर पाय वर घेऊन त्याने विचारलं, “नाव काय म्हणालीस?”

“पर्ल.”

“म्हणजे मोतीच की! अहो मोतीबाई, या. पण लांबून.”

झालं, मोतीबाई राहिल्या. चार दिवसांत त्यांनी गेस्टरूममध्ये एकामागून एक अकरा पिल्लं घातली. शेल्टरच्या बाईने फोनवर अगदी मऊ आवाजात सांगितलं, की एवढ्या मोठ्या वेतात एखाददुसरं जातंच, मनाची तयारी ठेवा. मला असल्या वाक्यांचा राग येतो. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी जाणार नाही.

पण अकरा पिल्लं आणि दहा थानं! त्यातही मागच्या थानांना दूध जास्त, म्हणून धटिंगण तिथे घुसणार आणि बारकी उपाशी राहणार. शेवटी आपल्या लग्नातल्यासारख्या पंगती बसवल्या. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर बांधली. पहिल्या पंगतीला बारकी, ती जेवेपर्यंत धटिंगण गरम पाण्याची पिशवी ठेवलेल्या खोक्यात. मग दुसरी पंगत. मिलिंद दारातूनच, आत न येता, “सावकाश होऊ द्या, मंडळी” म्हणायचा. सगळ्यात लहान होतं ते पिवळ्या लोकरीचं. त्याला आम्ही शेंडेफळ म्हणायचो. ते माझ्या तळहातावर मावायचं आणि वजनाच्या काट्यावर ठेवलं की काटा हलला न हलल्यासारखा करायचा. रोज सकाळी मी त्याला काट्यावर ठेवायची. आकडा वाढला की मगच मी चहा घ्यायची.

दुसऱ्या आठवड्यात मोतीबाईंचं पोट बिघडलं. शेल्टरने पिल्लांसाठीचं पौष्टिक कोरडं खाणं दिलं होतं — दूध पाजणाऱ्या आईलाही तेच द्यायचं असतं — पण मला वाटलं तेच तिला बाधतंय. बाळंतिणीला असलं दगडासारखं खाणं कुणी देतं का? मी कुकर लावला. मऊ भात, उकडलेलं चिकन, वर तुपाची धार. मोतीबाईंनी ताट असं चाटलं की घासायची गरज राहिली नाही.

इराला फोनवर कळलं तेव्हा ती वैतागली. “ममा, नो. पपी फूड ओन्ली. दे टोल्ड अस.”

“तुझ्या वेळी मी महिनाभर मऊ भातच खाल्लाय. तू झालीस ना माझ्यापेक्षा उंच?”

“यू आर नॉट अ डॉग, ममा!”

तरी तिच्या समाधानासाठी मी भातात थोडं ते कोरडं खाणं मिसळायची. मोतीबाई भात तेवढा वेचून खायच्या आणि कोरड्या गोळ्या ताटाच्या कडेला सारून ठेवायच्या. मी म्हणायची, तिला तिचं कळतं.

मिलिंदला या सगळ्याची मजा वाटत होती. एकदा म्हणाला, “पथ्य चाललंय, तूप चाललंय. मग धुरीच का नाही? ओवा-शेपा आणू का?”

मी विषय तिथेच तोडला. कारण धुरी हा आमच्या घरातला जुना दुखरा विषय आहे.

सासूबाई इराच्या वेळी आल्या त्या अर्धी बॅग भरून ओवा, बाळंतशेपा आणि डिंकाचे लाडू घेऊन. लाडू मी खाल्ले. पण शेगडी? त्यांनी मिलिंदच्या बार्बेक्यूचे कोळसे डेकवर फुलवले, ते ओव्हनच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये घालून आत आणले, वर मूठभर ओवा-शेपा टाकला आणि माझ्या पलंगाखाली सरकवले. खोलीच्या छतावरचा अलार्म जो बोंबलला, तो थांबेचना. आम्हाला तो बंद कसा करायचा हेही ठाऊक नव्हतं, घर नवीन होतं. दहा मिनिटांत दारात फायर ट्रक! हेल्मेट घातलेले दोन धिप्पाड पुरुष बाळंतिणीच्या खोलीत, मी पांघरुणात तोंड लपवलेली, आणि सासूबाई पदर खोचून, ट्रेच्या पुढे उभ्या राहून त्यांना मराठीत सांगताहेत — “आधी ते बूट बाहेर काढा.”

शेजारीपाजारी सगळे अंगणात जमले. समोरचा वॉल्टर तेव्हाच पहिल्यांदा आमच्याकडे आला, त्याच्या बायकोने संध्याकाळी केक करून आणला. पण मला लाज लाज झाली होती. मी चिडून म्हटलं, “आई, या घरात परत धुरी होणार नाही.” त्यांनी ट्रे धुऊन पालथा घातला. मग इराला मांडीवर घेत म्हणाल्या, “बरं बाई, नाही करत. पण गंमत बघितलीस का? इथे कुणी कुणाकडे फिरकत नाही म्हणून रोज रडत होतीस. धूर झाला तर कशी सगळी धावत आली.”

तेव्हा मला हसूही आलं नव्हतं.

त्या सासूबाई आता पुण्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे, सुनीतावहिनींकडे असतात. तीन वर्षं झाली, विसरायला लागल्या. आधी गॅस, मग नावं, मग माणसं. दिवाळीपासून तर बोलणंच थांबलंय. मिलिंद रविवारी व्हिडिओ कॉल करतो, त्या स्क्रीनकडे बघतात, पण आम्हाला बघत नाहीत. मिलिंद वर्षभर म्हणत होता, “एकदा जाऊन ये, तुझ्यावर जीव होता तिचा.” मी म्हणायची, ओळखत नाहीत, बोलत नाहीत, मी जाऊन करू काय? ऑडिट होऊ दे, मग बघू.

आणि एक — त्यांना कुत्र्याचं भारी वावडं. “कुत्रं आणि घरात? शिव शिव!” म्हणून मोतीबाईंबद्दल पुण्यात आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येते.

पिल्लांना तिसरा आठवडा चालू होता. आदल्या दिवशी एक क्षुल्लक गोष्ट झाली, पण ती महत्त्वाची आहे. गेस्टरूमच्या छतावर अजूनही तो जुना अलार्म होता, सासूबाईंच्या वेळचाच. वरच्या मजल्यावर आणि हॉलमध्ये आम्ही नवे बसवलेत, फोनला जोडलेले. हा एक राहून गेला होता. त्याची बॅटरी संपत आली म्हणून तो मधूनमधून ‘टिक्’ करून ओरडत होता, आणि प्रत्येक वेळी मोतीबाई दचकून उठायच्या आणि पिल्लांवर पाय द्यायच्या. शेंडेफळ एकदा थोडक्यात वाचलं. मी स्टुलावर चढले, तो अलार्म काढला, बॅटरी बाहेर काढली, आणि दोन्ही स्वयंपाकघरात लाटण्याच्या ड्रॉवरमध्ये टाकली. नवा आणायचा होता, ऑडिटनंतर.

सकाळी निघताना मोतीबाई धापा टाकत होत्या. मला वाटलं, खोली फार गरम झालीय. हीटर कमी केला, पाण्याचं भांडं भरलं आणि ऑफिसला आले. मिलिंद कामासाठी अटलांटाला होता, इरा कॉलेजात. दुपारी मी जेवायच्या सुट्टीत घरी येऊन दुसरी पंगत बसवणार होते.

सकाळचे दहा वाजत आले होते. ऑडिटर समोर बसलेले, मी कागद दाखवतेय, आणि खिशात फोन थरथरायला लागला. वॉल्टर. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, बायको गेली, गुडघे गेलेत, आणि तो मला फोन कधीच करत नाही. मी माफी मागून बाहेर आले.

“शलाका, तुझा अलार्म वाजतोय,” तो इंग्रजीत म्हणाला. “तो जुना, बीप-बीप करणारा. मी तुझ्या ड्राइव्हवेवर उभा आहे. फायर डिपार्टमेंटला बोलावू?”

आणि त्याच्या मागे, फोनमधून, मला तो ऐकू आला. तीन बीप, थांबा, तीन बीप. बावीस वर्षांनी ऐकला तरी ओळखला.

“थांब जरा. धूर दिसतोय का?”

“नाही. पण वास येतोय. तू लोणचं वगैरे करतेयस का? पिकल जारसारखा वास आहे.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — इथे काकडीचं लोणचं शेपूच्या बियांत घालतात. म्हणजे शेप्यात.

मी पिल्लांसाठी इराने लावलेला कॅमेरा फोनवर उघडला. खोली स्वच्छ दिसत होती, धुराचा मागमूस नाही. गंमत म्हणजे कॅमेऱ्यात अलार्मचा आवाजही नव्हता, नुसती पिल्लांची कुईकुई. इकडे वॉल्टरच्या फोनवर तो ठणाणा करतोय आणि तिकडे खोलीत शांतता! पण त्याहून मला भलतंच दिसलं. मोतीबाई पिल्लांपासून लांब, भिंतीशी उभ्या होत्या. पाय लाकडासारखे ताठ. आणि त्या थरथरत होत्या.

माझा मॅनेजर मागे आला. “ऑल ओके? दे आर वेटिंग.”

“माझ्या घरी अलार्म वाजतोय.”

“मिलिंदला पाठव ना.”

“मिलिंद अटलांटाला आहे. मी जातेय.”

“शलाका, आत्ता?”

मी आतापर्यंतच्या नोकरीत ऑडिट सोडून कधी उठले नव्हते. पर्स घेतली आणि निघाले. ते दोघं आत बसलेले ऑडिटर काय म्हणाले मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

गाडी आमच्या गल्लीत वळली तेव्हा वॉल्टर ड्राइव्हवेवर काठी टेकून उभा होता. खिडकी खाली करून बघते तर सगळं चिडीचूप.

“आत्ताच थांबला,” तो म्हणाला. “तू कोपऱ्यावर वळलीस आणि थांबला.”

मी दार उघडलं... आणि जागच्या जागी उभी राहिले. ओव्याचा, शेप्याचा, कोळशाचा वास. नुसता मसाल्याच्या डब्याचा नाही हं, जळत्या निखाऱ्यावर टाकल्यावर जो उठतो, नाकात चरचरतो आणि डोळ्यांत पाणी आणतो, तो. माझ्या घरात बाळंतशेपा बावीस वर्षांत आलेला नाही. मला एका क्षणात त्या पलंगावर आडवं असल्यासारखं वाटलं, कूस दुखत असलेली, भेदरलेली पोर. घाबरले का? हो, घाबरले. पण खोलीतून धप्प आवाज आला आणि घाबरायला वेळ उरला नाही.

मोतीबाई कुशीवर पडल्या होत्या. चारही पाय झटके देत होते, डोळे उघडे, तोंडाला फेस, अंग तव्यासारखं तापलेलं.

मी पलंगावरची चादर ओढली, तिला त्यात गुंडाळली आणि उचलली. पन्नास पौंडांची कुत्री, मी साडेपाच फुटांची, पाठीचं दुखणं असलेली बाई. हे अमानवीय वगैरे नाही, हा निव्वळ हट्ट होता. वॉल्टर दार धरून उभा राहिला. मी म्हटलं, “पिल्लांपाशी बसशील?” त्याने मान हलवली आणि काठी बाजूला टाकून, गुडघ्यांचा विचार न करता, सरळ जमिनीवर बसला.

रस्ताभर मी तिच्याशी भांडत होते. “मोतीबाई, मरायचं नाही. कळलं? अकरा लेकरं आहेत तुझी. शेंडेफळाला कोण पाजणार? मी? माझ्याच्याने होणार नाही. मरायचं नाही, सांगून ठेवते.” लाल दिव्यापाशी शेजारच्या गाडीतली मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. बघू दे.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं आणि विचारलं, “किती पिल्लं?” अकरा म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही, धावत इंजेक्शन आणलं. कॅल्शियम. ते शिरेतून अगदी हळूहळू द्यायचं असतं, एका हाताने सुई आणि दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप, कारण घाई केली तर हृदय थांबतं. मी मोतीबाईचं डोकं धरून उभी होते. आधी जबडा सैल पडला. मग पाय. मग तिने माझा हात एकदा चाटला, आणि मी त्या डॉक्टरीणबाईंसमोर ढसाढसा रडले.

“खायला काय देता?” त्यांनी नंतर विचारलं.

“भात. चिकन. तूप.”

त्यांनी मग समजावलं, की अकरा पिल्लं दुधातून आईचं कॅल्शियम ओढत होती आणि तिच्या ताटात ते जवळपास नव्हतंच. रक्तातलं कॅल्शियम असं खाली आलं की आधी धापा, मग ताठपणा, मग झटके. अजून अर्धा-पाऊण तास गेला असता तर तिला वाचवता आलं नसतं. मी म्हणाले, मी दुपारी घरी येणार होते. त्या म्हणाल्या, दुपारी उशीर झाला असता.

म्हणजे बघा. बाळंतपणातल्या दोन गोष्टींपैकी भात तेवढा शास्त्रीय म्हणून मी ठेवला आणि धुरी खूळ म्हणून टाकली. भाताने तिचा जीव घेतला असता. आणि धुरीने... तेच तर मला सांगता येत नाहीये.

त्या संध्याकाळी इरा आली. पिल्लांना दोन दिवस आईपासून लांब ठेवून बाटलीने पाजायचं होतं. “यू गेव्ह हर राइस,” ती एवढंच म्हणाली, आणि मग मला घट्ट मिठी मारली. वॉल्टर तेव्हाही जमिनीवरच बसलेला होता. शेंडेफळ त्याच्या स्वेटरच्या खिशात झोपलं होतं.

आता तपासणी. मी काय काय बघितलं ते सांगते, म्हणजे कॉमेंटमध्ये तुमचा वेळ जाणार नाही.

ड्रॉवर उघडला. जुना अलार्म लाटण्याशेजारी, बॅटरी त्याच्या बाजूला, मी टाकली होती तशीच. नवे अलार्म वाजले असते तर फोनवर सूचना आली असती, आली नाही. शिवाय नव्यांमध्ये बाईचा आवाज आहे, ती ‘फायर’ म्हणून ओरडते. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर — शून्य. मिलिंद इलेक्ट्रिकल इंजिनियर. अटलांटाहून आल्यावर त्याने जुन्या अलार्मला नवी कोरी बॅटरी घातली आणि खाली उदबत्त्यांची जुडी पेटवून धरली. घरभर धूर झाला, नवे दोन्ही अलार्म किंचाळले, तो मुका. मागे लिहिलं होतं, दहा वर्षांनी बदला. “हा आहे ना,” मिलिंद म्हणाला, “हा बॅटरी असती तरी वाजला नसता.”

बाहेरून कुणी आलं असेल? एप्रिलमध्ये आमच्याकडे पाईनच्या झाडांचे पिवळे परागकण पडतात, हळद सांडल्यासारखे. गाड्या, पायऱ्या, डेक, सगळं पिवळं. त्यामुळेच आठवडाभर एकही खिडकी उघडलेली नव्हती. डेकवरचा पिवळा थर जसाच्या तसा होता, त्यावर एका खारीची पावलं तेवढी. पुढच्या पायऱ्यांवर माझी आणि वॉल्टरची. बास.

वास मी आणि वॉल्टर, दोघांनी घेतला. संध्याकाळी इरा आली तेव्हा तो नव्हता.

एवढं सगळं होऊनही मी काहीतरी उत्तर काढलं असतं. दुसऱ्या घरातला अलार्म, कुणाच्या तरी किचनमधला वास. मी आहेच तशी. पण त्याच रात्री जेवणं उरकून आम्ही पिल्लांना बाटल्या देत होतो, आणि सुनीतावहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे सकाळ झाली होती.

“शलाका, अगं, आनंदाची बातमी! काल आई बोलल्या!”

मी फोन स्पीकरवर टाकला. मिलिंदही तिकडून जोडला गेला. “काय बोलली? माझं नाव घेतलं?”

“नाही रे. अगं, संध्याकाळी देवापाशी दिवा लावला. साडेसात वाजले असतील. आई खुर्चीत बसल्या होत्या, त्या एकदम ताठ झाल्या आणि मला म्हणाल्या, ‘शेगडी आण.’ स्पष्ट, पूर्वीसारख्या! मी म्हटलं, आई, शेगडी कशाला? तर म्हणाल्या, ‘बाळंतीण थरथरतेय.’ मला वाटलं, जुनं काहीतरी आठवलं असेल. आणि मग किती तरी वेळ हाताने अशा मुठी टाकत होत्या समोर, निखाऱ्यावर टाकल्यासारख्या.”

पुण्याचे साडेसात म्हणजे आमचे सकाळचे दहा. मी हातातली बाटली खाली ठेवली. इराने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं मराठी बोलता येत नाही, पण कळतं सगळं.

“मिलिंद,” मी म्हटलं, “तू त्यांना कुत्रीबद्दल सांगितलं होतंस?”

“नाही. आईशपथ नाही. मी सांगेन का तिला?”

“कुत्री? कुठली कुत्री?” सुनीतावहिनी म्हणाल्या.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी मी विचारलं, “वहिनी, अजून काही म्हणाल्या? शब्द न् शब्द सांगा.”

“म्हणाल्या ना. मला तेव्हा काही अर्थ लागला नव्हता गं. मुठी टाकता टाकता म्हणाल्या, ‘अजून शेपा टाक. धूर होऊ दे. तिथे धूर झाल्याशिवाय कुणी धावत येत नाही.’ मी विचारलं, तिथे म्हणजे कुठे, आई? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आली. पोचली.’ आणि खुर्चीला मान टेकून झोपल्या. त्यानंतर अजून एक शब्द नाही.”

मी कोपऱ्यावर वळले तेव्हा अलार्म थांबला होता.

आता पुढचं थोडक्यात. मोतीबाई बऱ्या झाल्या. पोट कशाने बिघडलं होतं तेही डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध दिलं, तेव्हापासून ताटात पपी फूडशिवाय काही नाही, आणि मी भाताचं नावही काढत नाही. अकराच्या अकरा पिल्लं जगली. त्या शेल्टरच्या बाईला मी मुद्दाम फोन करून सांगितलं. दहा चांगल्या घरी गेली. शेंडेफळ समोर वॉल्टरकडे आहे आणि आता त्याच्या खिशात मावत नाही. मोतीबाई आमच्याकडेच राहिल्या. दत्तक घ्यायचे कागद मिलिंदने आपणहून भरले, आणि संध्याकाळी तो पाय खाली सोडून सोफ्यावर बसतो, पायांवर मोतीबाई.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. बंद पडलेला अलार्म बॅटरीशिवाय कसा वाजतो, खोलीतल्या कॅमेऱ्याला न ऐकू येता बाहेर उभ्या म्हाताऱ्याला कसा ऐकू येतो, आणि स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेल्या बाईला सातासमुद्रापलीकडच्या कुत्रीची थरथर कशी कळते — मला माहीत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी नीट वाचेन. आणि यापुढे तुमच्या अनुभवांखाली माझी ती कॉमेंट दिसणार नाही.

सासूबाईंना त्यानंतर मी रोज व्हिडिओ कॉल करते. त्यांना मोतीबाईही दाखवली. सासूबाईंचं बोलणं मात्र परत सुरू झालं नाही. हल्ली जेवण जात नाहीये, हात थरथरतात, असं सुनीतावहिनी सांगतात. त्या एकट्या सगळं करताहेत, आणि तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नाही.

मॅनेजरला मी दोन महिन्यांची सुट्टी मागितली. त्याने विचारलं, “काही इमर्जन्सी आहे का?”

मी म्हटलं, नाही, अजून नाही. म्हणूनच जातेय. आमच्या घरी त्यांना धूर करून मला बोलवावं लागलं. पुण्यात मी धूर व्हायची वाट बघणार नाही.

शुक्रवारचं विमान आहे.